अरविंद निवास, दांडिया बाजार: खोल्या, माणसं आणि बडोद्यातली तेरा वर्षं

दांडियाबाजारकर

बडोद्यात पाहुणे आले की आपला फेरा ठरलेला असतो: लक्ष्मीविलास, कमाटीबाग, सूरसागर आणि येताना शेवउसळ. अरविंद निवास दांडिया बाजारात, म्हणजे अगदी वाटेवर असूनही त्या फेऱ्यात क्वचितच बसतं. बसलंच तर पाहुणा मनात पाँडिचेरी घेऊन आत शिरतो. पांढरी दाढी, आरामखुर्ची, मौन. हात जोडतो, दोन मिनिटं डोळे मिटतो आणि बाहेर येतो.

मला या धाग्यात त्याच्या आधीच्या माणसाबद्दल लिहायचंय. अरविंद घोष, म्हणजे पुढचे पाँडिचेरीचे योगी श्रीअरविंद, बडोद्यात आले तेव्हा वीस वर्षांचे होते, गेले तेव्हा तेहतीस. तेव्हा त्यांना महर्षी कुणी म्हणत नव्हतं. संस्थानचे पगारी नोकर होते, कॉलेजात शिकवत होते आणि त्याच काळात इंग्रजांचं राज्य हत्यारानं उलथवायची जुळवाजुळवही करत होते. त्यांच्या उठण्याबसण्यातली माणसं बहुतेक मराठी होती. त्या माणसांना वगळून या घराची गोष्ट सांगितली तर ती अर्धीच राहते, हे माझं ठाम मत आहे आणि त्यासाठीच हा धागा.

आधी घराबद्दल. वास्तू गायकवाडी अमलातली, १५ नंबरचा बंगला म्हणून ओळखली जाणारी. एकंदर २३ खोल्या. आत ग्रंथालय आहे, अभ्यासिका आहे, पुस्तकं-उदबत्त्यांचं विक्री केंद्र आहे, ध्यानाची जागा आहे आणि श्रीअरविंदांचे पवित्र अवशेष इथे जपलेले आहेत. ध्यानाला कुणीही बसू शकतं. कुठल्या पंथाचे, कुठल्या जातीचे, हे कुणी विचारत नाही. बाहेर रिक्षा, स्कूटरी, लग्नसराईची गर्दी असा दांडिया बाजारचा नेहमीचा गोंगाट असतो. आत पाऊल टाकलं की तो एकदम मागे पडतो.

आता माणूस. वडील डॉक्टर कृष्णधन घोष यांना मुलं पक्की साहेब करायची होती, म्हणून १८७९ साली सातव्या वर्षीच अरविंदांना विलायतेला धाडलं. चौदा वर्षं तिकडे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ग्रीक-लॅटिन. आयसीएसची लेखी परीक्षा पास झाले, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत आणि बाद ठरले. त्या सुमारास सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. जेम्स कॉटन या स्नेह्यानं गाठ घालून दिली आणि महिना २०० रुपयांवर नेमणूक झाली. ६ फेब्रुवारी १८९३ ला अरविंद मुंबईला अपोलो बंदरावर उतरले आणि दोनच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, त्यांची बडोद्याची नोकरी सुरू झाली.

काम काय, तर आधी सर्व्हे सेटलमेंट, मग मुलकी खातं, मग सचिवालयात मसुदे लिहिणं. केंब्रिजचा विद्वान जमीनमोजणीच्या कागदांत! पुढे १८९७ पासून बडोदा कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागले, मग इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि शेवटी उपप्राचार्य.

घरात ते कसे राहायचे, याचं सगळ्यात जवळून वर्णन दिनेंद्रकुमार राय यांचं आहे. बंगालीचा सराव व्हावा म्हणून हे लेखक १८९८ च्या सुमारास बडोद्याला येऊन त्यांच्याबरोबर राहिले. (स्वतःची मातृभाषा शिकायला माणूस ठेवावा लागला, एवढं वडिलांनी त्यांना तोडलं होतं.) राय सांगतात की अरविंद मऊ गादीवर झोपत नसत. काथ्याची खाट, तीवर गवताची चटई. कडक थंडीतही अंगावर स्वस्तातली घोंगडी. मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांकडून खोकीच्या खोकी भरून पुस्तकं रेल्वे पार्सलनं यायची आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत तेलाच्या दिव्याच्या उजेडात वाचन चालायचं. मच्छर फोडून काढायचे, पण यांची नजर पानावरून हलायची नाही. बडोद्याचे मच्छर ज्यांनी सोसलेत त्यांनाच यातली एकाग्रता कळेल.

इथल्या जाणकारांनी यात भर घालावी. खासेराव जाधव, केशवराव देशपांडे, लेले, मजुमदार या नावांबद्दल विशेष ऐकायचं आहे.


रावपुरा_रहिवासी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. लहानपणी आजोबांचं बोट धरून इथे जायचो, पण आजोबा नुसतं "मोठा माणूस राहून गेला" एवढंच सांगायचे.

एक विचारायचं होतं. तेरा वर्षं ते याच घरात होते का? आमच्या घरी जाधवांच्या वाड्याचं नाव ऐकलंय.


मोडीवाचक

@रावपुरा_रहिवासी, तुमच्या घरचं बरोबर आहे. तेरा वर्षांत त्यांची बिऱ्हाडं अनेक झाली. राय यांच्या आठवणीत हे नीट येतं. सुरुवातीला कँपाच्या (छावणीच्या) बाजूला, मग खासेराव जाधवांच्या घरी. खासेराव संस्थानात सुभा (म्हणजे कलेक्टरसारखे अधिकारी) होते आणि ते दुमजली घर त्यांनी हौसेनं, ऐन रस्त्याला बांधलं होतं. मग प्लेग आला. गावात प्लेग म्हणजे घर सोडून बाहेर पडणं आलंच. तेव्हा अरविंद गेले एका जुनाट कौलारू बंगल्यात. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत काकडायला होणार आणि पावसाळ्यात कौलांतून पाणी. राय या घराला कंटाळले. अरविंदांना मात्र खासेरावांचं दुमजली घर आणि हे गळकं कौलारू यांत काही फरकच वाटत नसे, असं तेच लिहून ठेवतात.

म्हणून मला वाटतं, अरविंद निवास बघताना "ते याच खोलीत, याच खिडकीत बसत" अशा गोष्टींच्या फार मागे लागू नये. आज त्यांच्या बडोद्यातल्या वास्तव्याचं जे एक जपलेलं, सगळ्यांना उघडं असलेलं ठिकाण आहे ते हे. तिथे उभं राहून बाकीची घरं आठवायची. खासेरावांचं, मजुमदारांचं, स्टेशनाकडचं कॉलेज. ही सगळी मिळून त्यांचं बडोद्यातलं घर होतं.

खासेरावांचे भाऊ माधवराव जाधव हे अरविंदांचे जिवलग. लष्करात अधिकारी. जतींद्रनाथ बॅनर्जी नावाच्या बंगाली तरुणाला लष्करी शिक्षण हवं होतं. बंगाल्यांना इंग्रज फौजेत घेत नव्हते. त्याला बडोद्याच्या फौजेत भरती करून घेतलं ते अरविंदांनी आणि या मित्रांनी मिळून. तेच जतींद्र पुढे बंगालमध्ये क्रांतिकारकांची संघटना उभी करायला गेले. थोडक्यात, बंगालच्या क्रांतीची पहिली कवायत बडोद्याच्या मैदानावर झाली.


विश्वामित्री

पैशांची गोष्ट कुणीच लिहिली नाही अजून. पाटकर नावाचे त्यांचे विद्यार्थी होते, काही काळ त्यांच्याबरोबरच राहिलेले. ते सांगतात: पगार तीन महिन्यांचा एकदम मिळायचा. थैली घेऊन घरी यायचे आणि टेबलावरच्या तबकात सगळी नाणी ओतून ठेवायचे. पेटी नाही, कुलूप नाही, हिशोब नाही. लागतील तसे उचलायचे. पाटकरांनी एकदा न राहवून विचारलं, असे उघड्यावर पैसे का ठेवता? तर उत्तर आलं, आपण चांगल्या माणसांत राहतो याचाच हा पुरावा आहे. आणि हिशोब कुठे ठेवता म्हणाल तर तो देव ठेवतो, मला लागतं तेवढं देतो आणि उरलेलं स्वतःकडे ठेवतो.

जेवणाचंही असंच. संध्याकाळी नोकर ताटं मांडून "साब, खाना रख्खा है" सांगून गेला, हे वाचनातून मान न वर करता "अच्छा" म्हणाले. तासाभरानं नोकर भांडी न्यायला आला तर सगळं जसंच्या तसं.

आमच्या आईला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, त्या नोकराचं नाव कुणी लिहून ठेवलंय का? मला तिचं म्हणणं फार पटलं.


साधा_प्रश्न

चर्चा छान चाललीय, पण थोडा वेगळा सूर लावतो. अरविंद घोष बंगाली. शिक्षण विलायतेत, तत्त्वज्ञान पाँडिचेरीत, खटला कलकत्त्यात. बडोद्याला पोटासाठी नोकरी केली. त्यात आपण मराठी माणसांनी एवढं "आमचं, आमचं" करण्यात काय अर्थ आहे? चार मराठी मित्र असले म्हणून घर मराठी होत नाही.


दांडियाबाजारकर

@साधा_प्रश्न, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

"आमचे" म्हणून मिरवायचा हेतू नाही. पण राजकारणात त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते कुणाच्या दारातून, हे बघा. केशवराव गणेश देशपांडे हे केंब्रिजपासूनचे मित्र. बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईच्या इंदुप्रकाशाच्या इंग्रजी विभागाचे संपादक झाले. त्यांनी अरविंदांकडून लेख मागितले. ऑगस्ट १८९३ पासून ती लेखमाला सुरू झाली. म्हणजे बडोद्याला येऊन सहा महिने झालेला, संस्थानच्या चाकरीतला एकवीस वर्षांचा मुलगा काँग्रेसच्या पुढाऱ्यांना जाहीर विचारतोय की अर्ज-विनंत्यांनी काय मिळालं, आणि ज्या कष्टकरी जनतेच्या जिवावर देश उभा आहे तिच्याकडे तुम्ही बघता तरी का. लेख निनावी होते, पण इतके झणझणीत की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं. लेखमालेची धार मग उतरवावी लागली. पुढे रानडे स्वतः अरविंदांना भेटले आणि तुरुंगसुधारणेसारखं काही विधायक काम हाती घ्या असं त्यांनी सुचवलं. पुढे बाँबखटल्यात कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात वर्षभर काढताना अरविंदांना हा सल्ला आठवला होता!

मग टिळक. १९०२ च्या अहमदाबाद काँग्रेसला टिळकांनी त्यांना मंडपाबाहेर नेलं आणि मैदानात तासभर दोघं बोलत राहिले. तिथून जे जुळलं ते सुरतेपर्यंत टिकलं. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा जहालांच्या बाजूला टिळक आणि अरविंद एकत्रच होते.

आता तुम्हीच सांगा. जहाल राजकारणातला बंगाल-महाराष्ट्र हा जो सांधा आहे, तो जुळला कुठे? बडोद्यात राहून, देशपांड्यांच्या आणि जाधवांच्या बैठकीत बसून मराठी बोलायला-वाचायला शिकलेल्या माणसातच तो जुळला. अरविंद बंगालीच. पण बडोद्यानं त्यांना दिलं ते पोटापुरतं नव्हतं.


साधा_प्रश्न

इंदुप्रकाशाचं माहीत नव्हतं. सहाच महिन्यांत, तेही नोकरीत असताना, हे विशेष आहे. वाचतोय, लिहीत राहा.


ग्वाल्हेर_लष्कर

मी ग्वाल्हेरचा, पण हा धागा बघून राहवलं नाही, कारण यात आमच्या गावाचाही एक धागा आहे. विष्णु भास्कर लेले.

सुरत काँग्रेस संपली आणि अरविंद बडोद्याला आले. तोवर त्यांनी बडोदे सोडून दीडेक वर्ष झालं होतं, देशभर नाव झालं होतं. कॉलेजच्या पोरांनी स्टेशनावर गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत नेली. प्राचार्यांनी मनाई केली असूनही! धाकटे बंधू बारींद्र यांना लेल्यांचं नाव ठाऊक होतं. लेले तेव्हा ग्वाल्हेरात साधी कारकुनी करायचे. त्यांना तार करून बडोद्याला बोलावलं. पहिली भेट खासेराव जाधवांच्या घरी झाली. पण तिथे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली. मग सरदार मजुमदारांच्या वाड्यात, अगदी वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत दोघं जाऊन बसले. तीन दिवस. बाहेर पोरं अरविंदांना शोधत फिरताहेत आणि हे वर बसलेले.

लेल्यांनी सांगितलं काय, तर बस, आणि मनाकडे बघ. विचार आतून उठतात असं वाटतं, ते खरं बाहेरून येतात. आत शिरायच्या आधीच त्यांना परतव. अरविंदांनी तसं केलं आणि तीन दिवसांत मन पार रिकामं, निःशब्द झालं. त्या अनुभवाबद्दल ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले, आणि दर वेळी श्रेय लेल्यांना देत राहिले.

लगेच मुंबईला सभा होती, १९ जानेवारी १९०८. डोक्यात एक विचार नाही, बोलायचं काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, शब्द येतील. तसंच झालं.

एक सांगायचं राहिलं. थंडीचे दिवस होते आणि अरविंदांच्या अंगावर पुरेसं गरम कापड नव्हतं, तेव्हा मजुमदारांनी त्यांना पश्मिना शाल दिली. शाल देणारा, खोली देणारा, तार गेल्यावर कामधाम सोडून येणारा, ही सगळी आपलीच साधी माणसं. ग्वाल्हेरात लेल्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? आमच्या गल्लीत विचारून बघितलं तर लोक तोंडाकडे बघत राहतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.


नर्मदाकाठ

लेल्यांच्या आधीचाही एक टप्पा आहे, तो आमच्या चांदोद-कर्नाळीकडचा. देवधर नावाचे इंजिनियर अरविंदांचे स्नेही होते. ते कर्नाळीच्या ब्रह्मानंद स्वामींचे शिष्य. प्राणायाम कसा करायचा हे १९०४ च्या सुमारास त्यांनी समजावून दिलं आणि अरविंद रोज पाच-सहा तास प्राणायाम करायला लागले. धाग्यात वर मच्छरांचा उल्लेख आलाय म्हणून सांगतो. अरविंद पुढे म्हणाले होते की बडोद्यात मच्छर भरपूर, पण प्राणायामाला बसलो की जवळ येत नसत. राय यांनी पाहिलेली वाचनाची खोली आणि ही प्राणायामाची खोली, मधे पाच-सहा वर्षं गेलेली. तीच बैठक, पण पुस्तक बाजूला झालेलं.

आणि गंगनाथ विद्यालय विसरून चालणार नाही. केशवराव देशपांड्यांनी काढलेली राष्ट्रीय शाळा. नर्मदाकाठच्या गंगनाथाचं नाव, आणि पुढे शाळा बडोद्यात. १९१० मध्ये तिथे एक तरुण मराठी शिक्षक आला, दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. शाळेत गुरुजी-मास्तर न म्हणता घरातल्या नात्यांनी हाक मारायची रीत होती. त्या रीतीनं कालेलकर "काका" झाले आणि जगासाठी काकासाहेबच राहिले. मामा फडके हे "मामा" सुद्धा तिथलेच. राष्ट्रीय वारं नको म्हणून इंग्रजांनी दबाव आणला आणि १९१२ साली शाळा बंद पडली. त्याच्या आदल्याच डिसेंबरात दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला जेमतेम मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागले, हे लक्षात घेतलं तर संस्थानावर तेव्हा किती दडपण असेल याचा अंदाज येतो.


निवृत्त_शिक्षिका

सगळ्यांचं वाचते आहे. दोन बायकांबद्दल लिहिते, कारण इथवर त्यांचं नावच नाही.

पहिल्या भगिनी निवेदिता. ऑक्टोबर १९०२ मध्ये त्या बडोद्याला आल्या. स्टेशनावर घ्यायला अरविंद आणि खासेराव. गाडीतून जाताना घुमटाचं कॉलेज दिसलं, तर बाई म्हणाल्या, किती कुरूप! आणि जवळची साधी धर्मशाळा बघून म्हणाल्या, किती सुंदर! खासेराव चाट पडले. त्यांनी अरविंदांना हळूच विचारलं, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? मला ही आठवण फार प्रिय आहे. आपण बडोदेकर त्या घुमटावर जीव टाकतो, मीही टाकते. तिथेच शिकले. पण परदेशातून आलेल्या बाईला आपली धर्मशाळा सुंदर दिसली आणि ते तिनं सुभ्याच्या तोंडावर सांगितलं, यातून तिचं राजकारणही कळतं.

दुसरी मृणालिनी. ३० एप्रिल १९०१ ला कलकत्त्यात लग्न झालं तेव्हा चौदा वर्षांची. नवऱ्याबरोबर बडोद्यात थोडा काळ राहिली, मग बहुतेक काळ माहेरी. ३० ऑगस्ट १९०५ चं अरविंदांचं तिला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात ते आपली तीन वेडं सांगतात. देवानं दिलेलं धन आपलं नाही, गरजेपुरतं ठेवून बाकी परत करायचं. देवाला प्रत्यक्ष भेटायचं. आणि देश म्हणजे शेतं-डोंगर-नद्या नाहीत, आई आहे, आणि आईच्या छातीवर राक्षस बसला असेल तर मुलगा बायकोपोरांत रमेल का? पोलिसांनी हे पत्र जप्त केलं आणि अलीपूरच्या खटल्यात पुराव्यात दाखल केलं. एका बाईला आलेलं खाजगी पत्र भर कोर्टात वाचलं गेलं. १९१८ साली ती इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली, नवऱ्याकडे पाँडिचेरीला जायच्या तयारीत असताना.

शाळेच्या मुलींना मी अरविंद शिकवायचे तेव्हा हे पत्र वाचून दाखवायचे आणि विचारायचे, तुम्ही मृणालिनी असता तर काय उत्तर लिहिलं असतं? वर्गात असे हात वर व्हायचे! अरविंद निवासातल्या एखाद्या खोलीत बसून हे पत्र मोठ्यानं वाचावं आणि मग मुलींना लिहायला कागद द्यावा, ही माझी जुनी इच्छा आहे.


अलकापुरी_नवीन

ताई, फार सुंदर लिहिलंत. माझी मुलगी आठवीत आहे, तिला नक्की आणते.

मला एक सुचवावंसं वाटतं. एक खोली १९०० सालची म्हणून मांडता आली तर? काथ्याची खाट, गवताची चटई, तेलाचा दिवा, नाण्यांचं तबक, पुस्तकांची खोकी. मुलांना नुसतं सांगण्यापेक्षा दिसलं की पोचतं.


मोडीवाचक

@अलकापुरी_नवीन, हेतू चांगला आहे, पण माझा याला विरोध आहे. त्यांची खरी खाट नसताना बाजारातून आणलेली खाट ठेवली की पाच वर्षांत लोक तिला नमस्कार करायला लागतात, आणि दहा वर्षांत तीच खरी ठरते. जुन्या वास्तूंचं असं किती ठिकाणी झालेलं आहे. शिवाय ही जिवंत साधनेची जागा आहे, तिथे देखावा नको. राय यांचं वर्णन चार ओळींत वाचून दाखवलं की खाट मुलांच्या डोळ्यांपुढे येते. न आलीच तर ती आपल्या वाचनाची उणीव.


विश्वामित्री

मोडीवाचकांशी सहमत, पण एक पुस्ती. दिवा नको, नकाशा चालेल. कन्हैयालाल मुनशी बडोदा कॉलेजात अरविंदांचे विद्यार्थी होते. राष्ट्रभावना कशी वाढवायची असं त्यांनी विचारलं, तर अरविंदांनी भिंतीवरच्या हिंदुस्थानच्या नकाशाकडे बोट दाखवलं. डोंगर, नद्या, शहरं म्हणजे मातेचं शरीर, माणसं म्हणजे तिच्या पेशी, तिचं ध्यान कर. मृणालिनीला पत्रात लिहिलं तेच विद्यार्थ्यालाही सांगितलं. एक साधा भिंतीवरचा नकाशा लावायला देखावा लागत नाही.


पुणे_सदाशिव

अवांतर होईल, पण बडोदे आणि स्वातंत्र्यलढ्यातली घरं हा विषय निघालाच आहे तर: पुण्यातला केसरीवाडा म्हणजे मूळचा गायकवाड वाडा. टिळकांनी तो १९०५ साली सयाजीराव महाराजांकडूनच घेतला. म्हणजे टिळकांचं घर आणि अरविंदांची नोकरी, दोन्हींच्या मागे एकच धनी. महाराजांनी उघड काही बोलायचं नाही, इंग्रजांचा रेसिडेंट डोक्यावर बसलेला. पण कुणाला जागा द्यायची, कुणाला नोकरीत ठेवायचं, कुठे डोळेझाक करायची, हे त्यांना बरोबर कळत होतं.


दांडियाबाजारकर

@पुणे_सदाशिव, अवांतर कसलं, नेमकं बोललात. महाराज अरविंदांना न्याहारीला बोलावून मसुदे लिहून घ्यायचे, १९०३ ला काश्मीरला सोबत नेलं. एवढ्या जवळच्या माणसाचे उद्योग महाराजांच्या कानावर गेले नसतील, हे मला अशक्य वाटतं. १९०६ ला अरविंदांनी बडोद्याची प्रतिष्ठेची जागा सोडली आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात १५० रुपयांवर रुजू झाले. आले होते २०० वर. तेरा वर्षांनी, उपप्राचार्य होऊन, पहिल्या पगारापेक्षाही कमीवर गेले!

आता कामाचं. आपल्यातले बरेच जण बडोद्यात आहोत. १५ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस, त्या दिवशी अरविंद निवासात गर्दी असते. त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन चालत फिरावं असं मनात आहे. कॉलेजच्या घुमटापासून सुरुवात (निवेदितांची गोष्ट तिथेच), मग दांडिया बाजार, खासेराव आणि माधवराव, मग अरविंद निवासात शांतपणे बसणं आणि शेवटी मजुमदार वाड्याच्या बाहेर उभं राहून लेले. मुलांच्या हातात देण्यासाठी एक पानाचा मराठी मजकूर केलाय, तो खाली देतो.

"अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. इथे त्यांना घर दिलं खासेराव जाधवांनी. लष्कराची वाट दाखवली माधवराव जाधवांनी. लिहायला पहिली जागा दिली केशवराव देशपांड्यांनी. प्राणायाम सांगितला देवधरांनी. मन शांत करायला शिकवलं विष्णु भास्कर लेल्यांनी. त्यासाठी खोली आणि शाल दिली सरदार मजुमदारांनी."

यात काय वाढवावं?


निवृत्त_शिक्षिका

मृणालिनी हवी. "त्यांच्या तीन वेडांचं पत्र पोचलं मृणालिनीला." एवढी एकच ओळ. पत्र वाचायचं काम माझ्याकडे, चष्मा घेऊन येते.


नर्मदाकाठ

आणि "देशपांड्यांनी शाळाही काढली, तिचं नाव गंगनाथ" हे घाला. बाकी मजकूर छान. चांदोदहून आम्ही चौघं येऊ, सकाळच्या गाडीनं.


ग्वाल्हेर_लष्कर

लेल्यांच्या नावापुढे "ग्वाल्हेरहून आलेले" लिहाल का? तेवढंच मागणं आहे.


दांडियाबाजारकर

तिन्ही घेतलं. मजकूर छापायला देण्याआधी मोडीवाचकांनी एकदा नजरेखालून घालावा. विश्वामित्री, नकाशा तुम्ही आणा, गुंडाळी करता येईल असा. घुमटापाशी सकाळी सातला जमू, ऊन चढायच्या आत दांडिया बाजारात पोचलं पाहिजे. मुलांना पाण्याच्या बाटल्या द्या आणि निवासात शिरायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल बंद.